मदत हवी आहे: डॉसच्या 'अबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर, फेल?' या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं?

नमस्कार. वडिलांनी बरीच वर्षं रोजच्या तापमानाची आणि पावसाची नोंद ठेवली होती. ती सव्वापाच इंची फ्लॉपींवर आहे, कागदावर कुठेच नाही. त्यांचा जुना पीसी अजून सुरू होतो, त्यात डॉस ३.३ (विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. फायली हार्ड डिस्कवर उतरवून घेतोय. अकरापैकी आठ फ्लॉपी नीट उतरल्या, तीन अडल्या.

पहिलीला 'नॉट रेडी रीडिंग ड्राइव्ह ए' आलं. ड्राइव्हचा खटका लावायचा राहिला होता, ते निस्तरलं.

दुसरीला 'डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए' आणि खाली अबॉर्ट, रिट्राय, इग्नोअर, फेल असे चार पर्याय. पाच-सहा वेळा आर दाबला, फरक नाही. शेवटी आय दाबला आणि फाइल कॉपी झाली! आकारही मूळ फाइलइतकाच दिसतोय. मग ती पूर्ण आली असं समजू का?

तिसरीला डीआयआर (फायलींची यादी दाखवणारी आज्ञा) दिल्यावर 'जनरल फेल्युअर रीडिंग ड्राइव्ह ए'. इथे इग्नोअरचा पर्यायच नाही. का? आणि 'जनरल' म्हणजे नेमकं काय बिघडलंय? या फ्लॉपीवर सर्वात जुन्या नोंदी आहेत, म्हणून चुकीचं बटण दाबायची भीती वाटते. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

आधी फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावा, म्हणजे तिच्यावर काही लिहिलं जाणार नाही. फॉरमॅट (फ्लॉपी पुसून नव्याने तयार करणारी आज्ञा) किंवा सीएचकेडीएसके /एफ (डिस्क तपासून तिच्यात दुरुस्त्या लिहिणारी आज्ञा) अजिबात देऊ नका.

अबॉर्टने चालू प्रोग्रॅम बंद होतो, रिट्रायने पुन्हा प्रयत्न होतो. फेल हा पर्याय ३.३ मध्ये आला. त्यात 'वाचता आलं नाही' असं प्रोग्रॅमला खरं खरं कळवलं जातं. इग्नोअरमध्ये मात्र 'वाचलं' असं सांगितलं जातं आणि जे हाती आलं तेच फाइलमध्ये जातं. त्यामुळे आकार जुळतो, मजकूर जुळेलच असं नाही. तो भाग स्वतः वाचून तपासा. फ्लॉपी काढून पुन्हा बसवली की रिट्राय कधी कधी लागू पडतो.

फाइलचा मजकूर वाचताना अडलं तरच डॉस इग्नोअर देतं. फायलींची यादी किंवा कोणती फाइल कुठे आहे याचा तक्ता चुकीचा वाचला गेला तर पुढचं सगळंच चुकेल, म्हणून तिथे तो पर्याय नसतो.

जिथे दुसरा नेमका संदेश लागू होत नाही तिथे 'जनरल फेल्युअर' येतं. बहुतेकदा फ्लॉपीचं फॉरमॅट ड्राइव्हला ओळखता येत नाही. तुमचा ड्राइव्ह ३६० केबीचा आहे का? १.२ एमबीची फ्लॉपी त्यात वाचली जात नाही. मधल्या भोकाभोवती जाड कडी आहे का पाहा. ३६० केबीच्या फ्लॉपीला ती बहुधा असते, १.२ एमबीच्या फ्लॉपीला सहसा नसते.

धागाकर्ता

मनापासून आभार! तिसऱ्या फ्लॉपीला कडी नाही, बाकी सगळ्यांना आहे, आणि ड्राइव्ह ३६० केबीचाच आहे. दुसरीची फाइल उघडून पाहिली. एका ठिकाणी सलग नऊ दिवसांचे आकडे बिघडलेत, बाकी नोंदी जागेवर आहेत. ते नऊ दिवस बाजूला लिहून ठेवलेत. आता १.२ एमबीचा ड्राइव्ह शोधतो. तो याच पीसीला जोडता येईल की वेगळं कंट्रोलर कार्ड (ड्राइव्हला पीसीशी जोडणारं कार्ड) लागेल?