स्पिका काढून वेबर बसवणं ही दुरुस्ती नव्हे

ट्विनकॅम
काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिकेतल्या जुन्या अल्फा रोमिओ स्पायडरचा स्पिका पंप म्हणजे डोकेदुखी. काढा, दोन वेबर लावा, मोकळे व्हा." (स्पिका म्हणजे इंजिनाला पेट्रोल मोजून फवारणारा पंप; वेबर म्हणजे त्याजागी लावायचा कार्ब्युरेटर, पेट्रोल हवेत मिसळून देणारा.) खाली सगळ्यांनी माना डोलावल्या. मला राहवलं नाही.

दोष बहुतेकदा पंपाचा नसतोच. असतो तो थर्मोस्टॅटिक ॲक्च्युएटरचा, म्हणजे उष्णतेने हलणाऱ्या छोट्या भागाचा. त्याचं एक टोक इंजिनच्या गरम पाण्यात, दुसरं पंपात, मधे बारीक नळी. इंजिन तापलं की त्याने पेट्रोल कमी करायला लावायचं. तो निकामी झाला की पंप तापलेल्या इंजिनालाही थंड समजून पेट्रोल देत राहतो. काळा धूर, काळे प्लग. इलाज म्हणजे ॲक्च्युएटर बदलून पंपाच्या लिव्हरपाशी ठेवायची ठरावीक फट, म्हणजे गॅप, मोजणं. मेकॅनिक त्याऐवजी मिश्रणाचा स्क्रू पिळतात, मग सकाळी गाडी सुरू होत नाही आणि शिव्या पंपाला. १९६९ पासून अमेरिकेच्या धुराच्या नियमांत बसावं म्हणून अल्फाने हे यांत्रिक इंजेक्शन दिलं, सिलिंडरागणिक एक प्लंजर, म्हणजे पेट्रोल ढकलणारा छोटा दट्ट्या. इटलीतल्या लिव्होर्नोच्या स्पिका कारखान्याचं इतकं बारीक काम भंगारात घालायचं?

मागची_सीट
ते लिहिणारा मीच. युरोपात हीच गाडी कारखान्यातून कार्ब्युरेटर घेऊनच निघायची. वेबरही इटलीचाच, बोलोन्याचा, मग तो परका कसा? बायको-मुलांसकट भर हायवेवर अडकलोय मी, तेव्हा तुमचा लिव्होर्नो आला नव्हता मदतीला. वेबर लावल्यापासून गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. तुम्ही पंपाची पूजा करा, मी गाडी चालवतो.

सॅन_होजेकर
साल न सांगता असले सल्ले देऊ नका हो! कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्याच गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची सक्तीची तपासणी, माफ आहे. माझी १९७९ची, ॲरिझोनातून आणलेली, आधीच्या मालकाने वेबर लावलेली. बॉनेट उघडलं आणि मूळ पंप जागेवर नाही हे नुसतं बघूनच नापास. मग स्पिकाचा एकेक भाग शोधत बसलो. विकणारा म्हणाला होता, "आरामात पास होईल."

मागची_सीट
माझी ७४ची आहे. तुमच्या राज्याचं तुम्ही बघा.

जुनालोखंड
मुळात हा नियमच अन्यायाचा! रविवारी दहा-वीस मैल फिरणाऱ्या गाडीने असा किती धूर होतो? इटलीत तीस वर्षांवरच्या गाडीला मालकीचा वार्षिक करसुद्धा माफ करतात. इथे मात्र १९७६च्या गाडीला गुन्हेगारासारखं दर दोन वर्षांनी उभं करतात.

पासाडेना_आई
माझ्या मुलाला दमा आहे. लॉस एंजेलिसच्या खोऱ्यात धूर कसा साचून राहतो ते इथे राहून बघा, मग अन्याय म्हणा. आणि कर माफ होणं म्हणजे धूर माफ होणं नव्हे.

जुनालोखंड
मुलाचं वाईट वाटतं, खरंच. पण चार हौशी गाड्यांवर खापर का? फ्रीवेवरचे ट्रक दिसत नाहीत?

पासाडेना_आई
दिसतात. त्यांच्याविरुद्धही बोलते. तुमची हौस आहे म्हणून तेवढ्यापुरतं गप्प बसायचं का?

सॅन_होजेकर
जुनालोखंड, ताईंचं बरोबर आहे. ॲक्च्युएटर नवा घातल्यावर माझी गाडी धुराच्या चाचणीतही पास झाली. नीट लावलेला स्पिका मुळात त्यासाठीच होता.

ट्विनकॅम
एवढं भांडून शेवटी पंपावरच आलात. मी तेच सांगत होतो.

मागची_सीट
ॲक्च्युएटरचं मान्य, नाइलाजाने. माझ्याकडून पैसे घेणाऱ्या एकाही मेकॅनिकने तो तपासला नव्हता. तरी वेबर काढणार नाही. पंप खोक्यात पडलाय.

ट्विनकॅम
नका काढू. पण पंपातलं पेट्रोल काढून आत तेल सोडा, नाहीतर प्लंजर अडकतील. आणि गाडी विकाल तेव्हा ते खोकं तिच्याबरोबर द्या.