शब्दचर्चा : ‘चूक दाखवणे’, ‘दोष काढणे’ आणि ‘ऐकून घेणे’

मूळ प्रश्न

एखाद्याची चूक त्याला सांगणे आणि आपली चूक दुसऱ्याकडून ऐकणे, या दोन्ही गोष्टींसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. कानउघाडणी, कानपिचक्या, समज, ताकीद, ठपका, दूषण, झाडाझडती, खरडपट्टी असे कितीतरी शब्द विचार न करता आठवतात. मात्र हे सगळे शब्द वरून खाली येणारे आहेत. बरोबरीच्या माणसाने बरोबरीच्या माणसाला, त्याचा मान राखून, ‘हे इथे जरा चुकले आहे’ असे सांगावे आणि ऐकणाऱ्याने ते पटल्यास घ्यावे, न पटल्यास बाजूला ठेवावे, या व्यवहाराला कोणता शब्द वापरावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

प्रश्न निव्वळ भाषेचा नाही, म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगते. वयाच्या एकविसाव्या वर्षापासून पुढची अकरा वर्षे मी एका आध्यात्मिक मंडळात पूर्णवेळ राहत होते. त्याचे नाव मी येथे घेणार नाही. दर रविवारी संध्याकाळी आम्ही गोलाकार बसत असू. एकेकाने उभे राहून आठवड्यातले आपले दोष सांगायचे आणि त्यानंतर, त्याला स्वतःला न सुचलेले दोष उरलेल्यांनी सांगायचे, असा नेम होता. स्वयंपाकघरात दूध उतू गेले तर ‘दूध उतू गेले’ असे कोणी म्हणत नसे, ‘तुझ्यातला निष्काळजीपणा बाहेर आला’ असे म्हणत. ती गोष्ट आपण केलीच नाही असे सांगितले तर तो ‘अहंकार’, गप्प राहिले तर ते ‘दडवणे’, आणि रडू आले तर ती ‘स्वतःविषयीची आसक्ती’ ठरत असे. या सगळ्याला तेथे ‘शुद्धी’ म्हणत.

बाहेर पडून चार वर्षे झाली. सध्या मी मुद्रितशोधनाचे काम करते, म्हणजे दिवसभर इतरांच्या चुका शोधणे हेच माझे पोट भरण्याचे साधन आहे. कामावरच्या पहिल्याच आठवड्यात मी तपासलेली सोळा पाने आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी परत पाहिली आणि एका वेलांटीभोवती पेन्सिलीने गोल करून पाने माझ्यापुढे ठेवली. मी खुर्चीतून उठले, हात जोडले आणि माझ्यात एकाग्रतेचा अभाव कसा आहे, हे सांगू लागले. ते गोंधळून गेले. ‘अहो, ही वेलांटी दुसरी हवी, एवढेच आहे,’ असे म्हणून त्यांनी पाने माझ्या हातात दिली. ‘एवढेच’ हा शब्द चुकीच्या संदर्भात मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

याची दुसरी बाजू मला अधिक लाजवणारी वाटते. मागच्या वर्षी आमच्याकडे एक नवी मुलगी आली. तिच्याकडून एक ओळ दोनदा राहिली होती. मी तिला ओळ दाखवली नाही, ‘तुझा स्वभाव उतावळा आहे, त्यावर काम कर’ असे सांगितले. तिचा चेहरा पडलेला पाहिला तेव्हा मला रविवारची संध्याकाळ आठवली. म्हणजे ऐकण्याची रीत तर बिघडली आहेच, सांगण्याचीही बिघडली आहे. जाणकारांनी या शब्दांचा उहापोह करावा, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण दिलेल्या दोन्ही प्रसंगांत ‘चूक’ आणि ‘दोष’ या शब्दांची अदलाबदल झालेली दिसते, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

‘चुकणे’ या क्रियापदाचा मूळ अर्थ मराठीत अजून जिवंत आहे. गाडी चुकते, वाट चुकते, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो, कळपातले वासरू चुकते. या प्रत्येक वाक्यात काहीतरी आपल्या जागेवरून सुटलेले आहे, पण ते नासलेले नाही. वाट चुकलेल्या माणसाला आपण वाट दाखवतो, तुझ्या पायांतच खोट आहे असे त्याला सांगत नाही. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘भ्रंश्’ या धातूच्या जागी येणारे जे प्राकृत धातू दिले आहेत, त्यांत ‘चुक्क’ आणि ‘भुल्ल’ हे दोन्ही शेजारी शेजारी आहेत. आपली ‘चूक’ आणि ‘भूल’ ही जोडी इतकी जुनी आहे. ‘दोष’ हा शब्द मात्र ‘दुष्’ या, बिघडणे किंवा नासणे अशा अर्थाच्या धातूपासून आला आहे. चूक क्रियेची असते, दोष वस्तूचा किंवा माणसाचा असतो. म्हणून आपण चूक ‘करतो’ आणि ‘दाखवतो’, दोष मात्र माणसात ‘असतो’ आणि तो ‘काढावा’ लागतो. उतू गेलेल्या दुधाचा आपण दिलेला दाखला पाहता, आपल्या मंडळात प्रत्येक चुकीचे भाषांतर दोषात केले जात होते असे म्हणता येईल. दूध पुसून टाकता येते. स्वभावाचे काय करायचे, हे ज्या बाईच्या हातून दूध उतू गेले तिला कोणीच सांगू शकत नाही, आणि म्हणून ती पुढच्या रविवारी पुन्हा उभी राहते.

आपण मागितलेल्या शब्दाच्या जवळ जाणारे काहीतरी मला जुन्या हिशेबात सापडते. व्यापाऱ्याच्या बिलाखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ असे लिहिलेले असते. त्याचा पूर्ण पाठ ‘चूक भूल द्यावी घ्यावी’ असा आहे, आणि आज आपण त्याचा अर्थ ‘माफ करा’ असा ढोबळपणे घेतो. हिशेबाच्या भाषेत त्याचा अर्थ निराळा आणि अधिक नेमका आहे. बेरजेत चूक निघाली, तर जो फरक येईल तो ज्याच्याकडे निघत असेल त्याने द्यावा आणि ज्याचा असेल त्याने घ्यावा. चूक दुकानदाराची असू शकते, तशी गिऱ्हाइकाचीही असू शकते. फरक रुपये-पैशांत मोजता येतो आणि तो चुकता झाला की विषय संपतो. येथे पुन्हा ‘चुकता होणे’ हा शब्दप्रयोग आला, त्याचीही नोंद घ्यावी.

प्रतिसाद २

बरोबरीने चूक सांगण्याला शब्द नाही, असे मूळ प्रश्नात म्हटले आहे. तो शब्द निदान आमच्या घरात रोज उच्चारला जातो. महाराष्ट्रातल्या पुष्कळ बौद्ध घरांत महामंगल सुत्त म्हटले जाते. त्यात उत्तम मंगलांची गणना करताना ‘खन्ती च सोवचस्सता’ असे शब्द येतात. लहानपणी मी ते पाठ म्हणत असे, अर्थ पुष्कळ उशिरा कळला. ‘सुवच’ म्हणजे ज्याला काही सांगता येते असा माणूस, आणि त्याचा तो गुण म्हणजे ‘सोवचस्सता’. याच्या उलट ‘दुब्बच’. त्याचे भाषांतर करायला कोशात जावे लागत नाही. ‘त्याला काही सांगायची सोय नाही’ असे आपण म्हणतो, तोच दुब्बच. हा ‘सोय’ शब्द मला फार मोलाचा वाटतो. सांगणाऱ्याला बसायला जागा करून देणे, असा काहीसा त्याचा भाव आहे.

यापुढचा शब्द ‘प्रवारणा’. आषाढी पौर्णिमेनंतर सुरू झालेला भिक्षूंचा तीन महिन्यांचा वर्षावास आश्विन पौर्णिमेच्या सुमारास संपतो, तेव्हा हा विधी होतो. पाली रूप ‘पवारणा’ आहे आणि येथे त्याचा अर्थ ‘आमंत्रण देणे’ असा होतो. भिक्षू संघाला म्हणतो, की माझ्याविषयी आपण काही पाहिले, ऐकले किंवा आपल्याला शंका आली असेल, तर अनुकंपेने मला सांगावे, मला ते दिसले की मी त्याचा प्रतिकार, म्हणजे दुरुस्ती, करीन. यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो. पहिली गोष्ट अशी, की ही विनंती प्रथम सर्वांत ज्येष्ठ भिक्षूने उकिडवे बसून करायची असते, नवख्यांची पाळी शेवटी येते. दुसरी म्हणजे ‘पस्सन्तो पटिकरिस्सामि’ हे शब्द. ‘आपण सांगितले म्हणून’ नव्हे, ‘मला दिसल्यावर’. सांगणाऱ्यावरही बंधने आहेत. त्याने आधी ‘मी आपल्याशी बोलू इच्छितो, अवकाश द्यावा’ अशी परवानगी मागायची, आणि योग्य वेळी, खरे, मृदू शब्दांत, हिताचे आणि मैत्रीच्या मनाने बोलायचे, अवेळी किंवा मनात द्वेष धरून बोलायचे नाही. नियम लिहिलेला आहे म्हणून तो सर्वत्र आणि सर्व काळी पाळला गेला, असे मी म्हणणार नाही. शब्द हवा होता, तो असा आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

प्रतिसाद ३

रविवारच्या गोलाविषयी वाचून एका अमेरिकी वसाहतीची आठवण झाली. जॉन हम्फ्री नॉइस यांनी 1848 साली न्यूयॉर्क राज्यात ओनायडा येथे एक धार्मिक समूहवसाहत स्थापन केली. तेथल्या शिस्तीचा कणा ‘परस्पर-टीका’ हा होता. ज्याची पाळी असेल त्याने गप्प बसायचे आणि इतरांनी त्याचे गुणदोष त्याच्या तोंडावर सांगायचे. चार्ल्स नॉर्डहॉफ या पत्रकाराने अशी एक बैठक प्रत्यक्ष पाहून 1875 साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. ज्याची पाळी होती तो तरुण समोर पाहत निःशब्द बसला होता, आरोप वाढत गेले तसा त्याचा चेहरा पांढरा पडत गेला आणि कपाळावर घामाचे थेंब जमले, असे त्याने लिहिले आहे. शेवटचा शब्द नॉइस यांचा होता. येथे ‘परस्पर’ या शब्दाचा गैरवापर झाला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याच्यापर्यंत टीका पोहोचत नाही असा एक माणूस जेथे वर बसलेला असतो, तेथे बाकीच्यांनी एकमेकांना काहीही सांगितले, तरी त्याला परस्पर म्हणता येत नाही. आधीच्या प्रतिसादातला उकिडवा बसलेला ज्येष्ठ भिक्षू आणि हा संस्थापक यांत जो फरक आहे, तोच या चर्चेचा गाभा आहे.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी चीनमधल्या ‘विचारसुधारणे’तून, म्हणजे कम्युनिस्ट राजवटीच्या सक्तीने विचार बदलण्याच्या मोहिमेतून, गेलेल्या लोकांच्या मुलाखतींवरून 1961 साली बंदिस्त विचारव्यवस्थेची आठ लक्षणे मांडली. त्यांपैकी दोन येथे लागू पडतात. एकाला मी ‘कबुलीचे स्तोम’ म्हणेन आणि दुसऱ्याला ‘भारलेली भाषा’. साधा, रोजचा शब्द उचलून त्यात एवढा निवाडा भरायचा, की तो उच्चारताच विचार थांबला पाहिजे. आपल्या मंडळातले ‘अहंकार’ आणि ‘शुद्धी’ हे शब्द असेच भारलेले आहेत. बाहेर पडल्यावर माणूस जागा बदलतो, पण शब्द बरोबर येतात, म्हणून नव्या मुलीला बोलताना तोंडून जुनाच शब्द निघाला. हा आपला स्वभाव नाही, ही अकरा वर्षे बोललेली भाषा आहे.

मूळ प्रश्नकर्ती

तिन्ही प्रतिसाद मी सावकाश, दोन दिवस वाचले. ‘शुद्धी’चा उल्लेख आला आहे म्हणून सांगते, की मुद्रितशोधनातला ‘शोधन’ आणि ‘शुद्धिपत्र’ हे शब्द त्याच धातूचे आहेत आणि सुरुवातीला मला त्यांची भीती वाटत असे. आता वाटत नाही, याचे कारण या कामाच्या रीतीत आहे. शंका असेल तेथे आम्ही मजकुराला हात लावत नाही, समासात प्रश्नचिन्ह करून लेखकाला विचारतो. लेखकाला आमची दुरुस्ती मान्य नसेल, तर तो खोडलेल्या शब्दाखाली टिंबे देतो आणि ‘राहू द्यावे’ असे लिहितो. तो शब्द राहतो. टिंबे दिली म्हणून कोणी लेखकाला अहंकारी म्हणत नाही. नाकारता येणारी दुरुस्ती मी पहिल्यांदा येथे पाहिली.

आणखी एका वाक्प्रचाराविषयी विचारायचे आहे. ‘मनावर घे’ याचा अर्थ ‘नेट लावून कर’ असा होतो आणि ‘मनावर घेऊ नकोस’ याचा अर्थ ‘दुखावून घेऊ नकोस’ असा होतो. एकाच प्रयोगाचे होकारात आणि नकारात दोन निराळे अर्थ कसे झाले? मला चूक मनावर घ्यायची आहे आणि मनाला लावून घ्यायची नाही. ‘वर घेणे’ आणि ‘लावून घेणे’ यांतला फरक असा, की वर घेतलेले ओझे खाली ठेवता येते, चिकटवलेले ठेवता येत नाही, असे मला वाटते. तसेच ‘ऐकणे’ आणि ‘ऐकून घेणे’. दुसऱ्यात मुकाट्याने गिळणे आहे, आणि ‘मी ऐकून घेणार नाही’ असे म्हणण्याची मुभा मला बत्तिसाव्या वर्षापर्यंत नव्हती.

त्या मुलीला मी परवा ती ओळ दाखवली. मागच्या वर्षी जे बोलले ते माझे चुकले होते, हेही सांगितले. तिने ओळ पाहिली आणि मूळ प्रतीतच ती दोनदा आलेली आहे, हे मला दाखवून दिले. तिचे बरोबर होते.

प्रतिसाद १ लिहिणारे

आपली परवानगी असेल, तर आपल्या पहिल्या लेखनातल्या एका शब्दाविषयी सांगू इच्छितो.

मूळ प्रश्नकर्ती

अवश्य सांगावे.

प्रतिसाद १ लिहिणारे

शेवटच्या वाक्यात आपण ‘उहापोह’ असे लिहिले आहे. पहिला स्वर दीर्घ हवा, ‘ऊहापोह’. ऊह म्हणजे तर्काने केलेली मांडणी आणि अपोह म्हणजे तिचे निरसन, अशी त्याची फोड आहे.

मूळ प्रश्नकर्ती

हा शब्द इतरांच्या मुद्रितांत मी दर महिन्याला दुरुस्त करते. आपला प्रतिसाद वाचताच छातीत धडधडले आणि बोटे आपोआप मोठा मजकूर लिहू लागली, त्यात ‘क्षमा’ हा शब्द तीनदा आला होता. तो मजकूर मी पुसला. बरोबर आहे, ऊ दीर्घ हवा.