कुडाळहून नागपूरला ऑक्युपेशनल थेरपीसाठी: खोली, जेवण आणि बोली यांबद्दल विचारायचं आहे

कुडाळची_पोर

नमस्कार. मला नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात बी.ओ.टी.एच.ची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची जागा मिळाली आहे. तिसऱ्या फेरीत नंबर लागला, म्हणून हातात नऊच दिवस आहेत. आजवर मी एकटी कोल्हापूरच्या पुढे गेलेली नाही. होस्टेलची यादी लागायची आहे, तोवर बाहेर खोली बघावी लागेल. बाबांना बोटीवरून सुट्टी नाही, त्यामुळे सोबत मामा येणार, तेही दोनच दिवस.

विचारायचं हे की खोली कुठल्या भागात बघू? उन्हाळा खरंच सोसवत नाही का? आणि मुख्य म्हणजे, आम्ही घरात मालवणी बोलतो. तिथल्या पेशंटचं बोलणं मला समजेल का, माझं त्यांना समजेल का? आई रोज रात्री एकच विचारते, "तुका थंय कोण आसा?" तिला सांगायला माझ्याकडे काही नाही.

सावंतवाडी_ते_मेडिकल

तुझी पोस्ट वाचून चार वर्षांपूर्वीची मीच आठवले. मी सावंतवाडीची, हाच कोर्स. चार वर्षं झाली, आता सहा महिन्यांची इंटर्नशिप चालू आहे.

आधी प्रवासाचं. कोकणकन्येने सकाळी मुंबईला ये आणि संध्याकाळची विदर्भ किंवा रात्रीची दुरांतो पकड. पुढे ८३७ किलोमीटर आहेत, पण झोपेत जातात. स्टेशनवर ऑटोवाल्याला कॉलेजचं पूर्ण नाव सांगत बसू नको, "मेडिकल" एवढंच म्हण. "मेयो" म्हणजे दुसरं सरकारी कॉलेज आणि "सुपर" म्हणजे आपलंच सुपर स्पेशालिटी, पण ते तुकडोजी पुतळ्याकडे, वेगळ्या इमारतीत. माझे मामा पहिल्या दिवशी माझी कागदपत्रं घेऊन तिकडेच जाऊन थांबले होते.

उन्हाळा सोसवतो, पण आपल्यासारखा नाही. आपल्याकडे घामाने जीव जातो, इथे घाम दिसतच नाही, अंगावरच सुकतो. पहिल्या एप्रिलमध्ये डिपार्टमेंटमध्ये उभ्या उभ्या माझा घोळणा फुटला, ॲप्रनवर रक्त. मी रडायलाच लागले, आणि सोबतची वर्ध्याची मुलगी शांतपणे म्हणाली, "नाकाला खोबरेल लावत जा, अन् तहान लागायच्या आधी पाणी पी." तेव्हापासून बॅगेत खोबरेलाची छोटी बाटली असतेच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी कामाशिवाय बाहेर पडू नको, पडलीस तर डोकं-कान ओढणीने गच्च बांध. स्वेटरही घे. आपल्या घरात तो नसतोच, पण इथे डिसेंबर-जानेवारीत पहाटे ८-१० अंश असतात.

आता बोलीचं, कारण तुझ्या प्रश्नात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. तिसऱ्या वर्षी वॉर्डात एका आजोबांना तपासत होते. पॅरालिसिसनंतर किती समजतंय ते बघायचं होतं. घाईत माझ्या तोंडून घरचा शब्द गेला, "आजोबा, ढोपर वाकवा." त्यांनी कोपर वाकवलं. मी पुन्हा सांगितलं, त्यांनी पुन्हा कोपर वाकवलं. मी कागदावर लिहून मोकळी झाले की सूचना नीट समजत नाहीत. सरांनी ते वाचलं, आजोबांच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बाबा, टोंगळा वाकवा." आजोबांनी लगेच गुडघा वाकवला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "ही पोरगी हातच म्हणून राहिली होती ना?" त्या दिवशी मला फार लाज वाटली. माझ्या एका शब्दामुळे एका शहाण्या माणसाच्या कागदावर भलतंच काही कायमचं राहिलं असतं.

तेव्हापासून वहीची मागची पानं शब्दांसाठी ठेवली आहेत. ढोपर म्हणजे आपल्याकडे गुडघा, इथे कोपर. टोंगळा म्हणजे गुडघा. मले म्हणजे मला. काऊन म्हणजे का. "दुखून राह्यलं" म्हणजे आत्ता दुखतंय. पेशंट मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा, बालाघाटकडूनही येतात, त्यामुळे हिंदीही लागतेच. कळलं नाही तर सरळ विचार. मी विचारते तेव्हा लोक खूश होऊन दहा शब्द जास्तीचे सांगतात.

आणि कोर्सबद्दल तू विचारलं नाहीस, तरी सांगते, कारण गावात सगळे म्हणतील, "म्हणजे फिजिओच ना?" गेल्या महिन्यात एक काकू आल्या, उजवी बाजू लुळी पडलेली. काय करता आलं पाहिजे असं विचारलं तर म्हणाल्या, "मले भाकर थापता येईन का?" आपली भाकरी तांदळाची, ज्वारीच्या पिठाचा अंदाज मला कुठला? त्यांनीच डाव्या हाताने दाखवलं, परातीत पीठ कसं फिरवत न्यायचं ते. मग मनगटासाठी स्प्लिंट, म्हणजे हात नीट धरून ठेवणारा आधार, केला. थर्मोप्लास्टिकचा तुकडा गरम पाण्यात मऊ करायचा, पुसायचा आणि कडक व्हायच्या आत हातावर बसवून धरायचा. आम्ही ओल्या कणकेच्या गोळ्यापासून सुरुवात केली. तीन आठवड्यांनी त्यांनी तळहाताएवढी एक भाकर थापली, कडा फाटलेली. त्यांची सून दारात उभी राहून रडत होती. आपलं काम ते हे.

आईला सांग, थंय मी आसय. मेसेज कर, स्टेशनवर न्यायला येते.

हनुमाननगरची_काकू

बेटा, खोली हनुमाननगर, रामबाग नाहीतर मेडिकल चौकाच्या आसपासच बघ. पायी जाता येते. मेट्रो २०१९ पासून आहे, पण मेडिकल चौकात तिचं स्टेशन नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेव, गच्चीखालची खोली घेऊ नको. स्वस्त सांगतात, पण स्लॅब रात्री दोन वाजेपर्यंत तापलेला राहते. खिडकीला कूलर बसते का ते बघ, अन् विजेचं मीटर वेगळं आहे का ते विचार. माझ्या भाचीने घाईत गच्चीखालची खोली घेतली, मार्चमध्येच सोडावी लागली, घरमालकाने डिपॉझिटही दिलं नाही. म्हणून पैसे द्यायच्या आधी दुपारी बारा-एकच्या सुमारास खोलीत दहा मिनिटं उभी राहा.

भाजीसाठी सक्करदऱ्याचा बुधवार बाजार. भाजीवाली "सांबार घेता का?" म्हणाली तर ती कोथिंबीर आहे, इडलीसोबतचं सांबार नाही. समुद्राची मासोळी तुला इथे घरच्यासारखी ताजी मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. तळ्याची मिळते. रविवारी माझ्याकडे ये, चवीत फरक असेल तर सांग, मी शिकीन.

गडचिरोलीकर

मीही यंदाच, फिजिओथेरपीला. सीनियर दादाने सांगितलं की अभ्यासासाठीचा हाडांचा सेट नवीन घेऊ नको, वरच्या वर्षाकडून घे. पुस्तकंही पहिला महिना लायब्ररीतलीच वापर.

आमच्याकडे सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे, पेशंट खूप आहेत. माझ्या चुलतभावाचा खुबा त्यातच खराब झाला, त्याच्यासोबत मेडिकलच्या वऱ्हांड्यात सात रात्री काढल्या. म्हणून मला हा कोर्स करायचा होता. गोंडी आणि छत्तीसगढी दोन्ही येतात मला. तुला शब्द अडला तर विचार.

कुडाळची_पोर

तुमच्या सगळ्यांच्या पोस्ट आईला मोठ्याने वाचून दाखवल्या. आजोबांच्या टोंगळ्याचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग उठून बरणीतली कोकमाची सोलं काढली आणि तीन पुड्या बांधल्या: एक माझी, एक ताईंची, एक काकूंची.

ताई, मेसेज केला आहे. शुक्रवारी सकाळी पोचतेय, दुरांतोने. काकू, रविवारी येते. वहीची मागची दहा पानं कोरी ठेवली आहेत.