शब्दचर्चा : दुर्मीळ, दुर्लभ की विरळ? (रोमन नाण्यांच्या यादीसाठी)

पाटीपेन्सिल :
आमच्या नाणेसंग्राहक मंडळाकडच्या रोमन नाण्यांची मराठी यादी करायला घेतली आहे. सम्राट, टाकसाळ, धातू, वजन, मुद्रालेख इथपर्यंत काही अडलं नाही. अडलं ते शेवटच्या रकान्यात. 'रोमन इंपिरियल कॉइनेज' या दहा खंडांच्या सूचीत (सगळे तिला आरआयसी म्हणतात) नाण्यापुढे एक खूण असते. सी म्हणजे नेहमीचं, एस म्हणजे त्याहून कमी, मग आर, आर २ असं चढत आर ५ पर्यंत. आर ५ म्हणजे सूचीकाराला एकच नग ठाऊक. मी दुर्मीळ, फार दुर्मीळ, अतिदुर्मीळ अशी चढण लावली. मंडळातल्या एका ज्येष्ठांनी ते खोडून 'दुर्लभ' केलं. दुसऱ्यांचं म्हणणं 'विरळ' लिहा. या तीन शब्दांत खरंच फरक आहे का?

शब्दवेध :
आहे, आणि तुमच्या कामाला तो महत्त्वाचा आहे.

दुर्लभ आणि दुर्मीळ यांचा अर्थ एकच, मिळायला कठीण. छटा मात्र वेगळी. दुर्लभमध्ये आदर किंवा ओढ असते : सत्संग दुर्लभ, मनुष्यजन्म दुर्लभ, किंवा बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या मित्राला आपण म्हणतो, 'तुमचं दर्शन दुर्लभ झालंय.' दुर्मीळ रोजच्या वापरातला आहे. दुर्मीळ पुस्तक, दुर्मीळ छायाचित्र. (लिहिताना मी दीर्घ, 'दुर्मिळाचा' असं सामान्यरूप झालं की ऱ्हस्व.)

विरळ हा वेगळ्याच घरचा शब्द. तो 'दाट'च्या विरुद्ध. विरळ केस, विरळ वस्ती. पेरा दाट झाला की शेतकरी विरळणी करतो. इथे कुणी काही शोधत नाही, कुणाला काही हवं नाही. वस्तू किती अंतरा-अंतराने आहेत एवढंच सांगितलं जातं. 'असा माणूस विरळाच' म्हणतो तेव्हाही तो भेटायला कठीण असं नव्हे, तर अशी माणसं थोडी आहेत, असं म्हणायचं असतं.

म्हणून आधी हे ठरवा : तुमचा रकाना 'मिळायला किती अवघड' ते सांगतो, की 'आहेत किती' ते?

नाणेघाट :
शब्दवेध, नेमकं बोट ठेवलंत. ती खूण 'आहेत किती' हे सांगते, आणि तेसुद्धा सूचीकाराने पाहिलेल्या संग्रहांपुरतं. आरआयसीचा पहिला खंड १९२३ चा, दहावा १९९४ चा. प्रोबस हा रोमन सम्राट (त्याचं उदाहरण पुढे देतो) ज्यात येतो तो भाग १९३३ चा. त्या काळी सूचीकारापुढे होते ते मुख्यतः मोठ्या संग्रहालयांचे कप्पे. संग्रहालय एकाच प्रकारची पाचशे नाणी जमवत बसत नाही, त्याला प्रत्येक प्रकारचं एक हवं असतं. त्यामुळे त्या कप्प्यांत मुबलक नाणं असतं त्यापेक्षा कमी दिसतं, आणि मोजकं नाणं त्या मानाने जास्त दिसतं. पुढे शेताशेतांतून धातुशोधक यंत्रं फिरायला लागली. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एकाच रांजणात ५२,५०३ नाणी निघाली. त्यांत ब्रिटनमध्ये वेगळी गादी थाटणाऱ्या कॅरॉसियसची साडेसातशेहून जास्त. असा एक रांजण उपसला की कित्येक 'आर' खाली यायला हवेत. छापील पानावरची खूण मात्र जागची हलत नाही.

आता 'असणं' आणि 'मिळणं' कसं फुटतं ते बघा. सम्राट टायबेरियसचं डिनेरियस, म्हणजे रोमन चांदीचं नाणं घ्या. पुढच्या बाजूला पानांची माळ घातलेला सम्राटाचा चेहरा. मागे खुर्चीवर बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी, आणि कडेने 'पॉन्टिफ मॅक्सिम' (मुख्य धर्मगुरू, ही सम्राटाची पदवी). भिंगाखाली धरलं की खुर्चीचे पाय दिसतात. काही नाण्यांत साधे सरळ, बहुतेकांत कोरीव. त्यांच्याखाली कधी एक रेघ, कधी दोन. अभ्यासक यावरून गट पाडतात. लुगडुनमच्या, म्हणजे आजच्या लियाँच्या टाकसाळीत हे नाणं वर्षानुवर्षं पाडलं जात होतं. दक्षिण भारतात सापडलेल्या रोमन नाणेनिधींतही (एकत्र पुरून ठेवलेल्या साठ्यांत) आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या गायस-लुशियस प्रकाराच्या (त्यावर त्याचे दत्तक मुलगे गायस आणि लुशियस आहेत) जोडीला हेच सर्वांत जास्त असतं. म्हणजे नाणं मुबलक. तरीही त्याला भाव चढा मिळतो, कारण 'सीझरचं ते सीझरला द्या' या बायबलमधल्या प्रसंगातलं नाणं हेच असं मानलं जातं, आणि एरवी नाण्यांकडे ढुंकूनही न पाहणारे लोक हे एक नाणं मागतात. विक्रेता याला बेलाशक 'दुर्मीळ' म्हणतो. खपणाऱ्या मालाला तो शब्द लावायची बाजारात सवयच आहे. पण याला विरळ म्हणणं साफ खोटं.

याच्या अगदी उलट प्रोबस. सिसियाच्या टाकसाळीत (आज क्रोएशियातलं सिसाक) त्याची ताम्रमिश्रित नाणी इतक्या तऱ्हांनी पाडली की मोजता मोजता थकावं. कुठे शिरस्त्राण, भाला आणि ढाल, कुठे राजवस्त्र, कुठे चेहरा डावीकडे, कुठे मुद्रालेखात एखादं अक्षर जास्त. त्यातली एखादी जोडणी एका-दोन नगांवरच ज्ञात असते, म्हणून पुढे आर ४ किंवा आर ५. पण प्रोबसचं नाणं म्हणून पाहिलं तर ते कुठल्याही विक्रेत्याच्या ताटात पडलेलं असतं. ही जोडणी विरळ आहे, नाणं दुर्मीळ नाही. हे वाक्य मराठीत इतकं सरळ बोलता येतं, कारण आपल्याकडे हे दोन शब्द वेगळे आहेत. ते एका रकान्यात कोंबू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

कोकणकडा :
एक शंका. 'दुर्मीळ आजार' म्हणतो ना आपण? तो कुणाला मिळवायचा नसतो. मग दुर्मीळ म्हणजे मिळायला कठीण, हे कसं टिकतं?

दुसरं, विरळ म्हटल्यावर मला झिजून पातळ झालेलं नाणं डोळ्यांपुढे येतं. कापड विरळ होतं तसं.

शब्दवेध :
दोन्ही मुद्दे रास्त आहेत. 'दुर्मीळ आजार', 'दुर्मीळ योग' यांत अर्थ पसरला आहे आणि तो वापर रूढ आहे. त्याला चूक म्हणायचं कारण नाही. रोजच्या लिहिण्यात दोन्ही अर्थ एका शब्दाने भागतात, कारण तिथे गल्लत झाली तरी कुणाचं नुकसान होत नाही. यादीत होतं. वाचणारा त्या शब्दावर पैसे मोजतो.

झिजलेलं कापड हा मुद्दा मला पटला. 'विरळ नाणं' कानाला खटकतं. पण पक्ष्यांच्या माहितीत 'आढळ' म्हणून एक नोंद असते ना, तशी केली तर? 'आढळ : विरळ' म्हटलं की पातळ हा अर्थ आपोआप गळतो. आणि आढळ या शब्दात कुणीतरी पाहिलंय, नोंदवलंय हेही येतं, जे नाणेघाट वर सांगत आहेत.

नाणेघाट :
'आढळ' फार चपखल आहे! कारण नोंद झालेलं तेवढंच आपण मोजतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण म्हणजे दुसरा डोमिशियन. इसवी सन २७१ च्या सुमारास गॉलमध्ये (साधारण आजचा फ्रान्स) थोडा काळ सम्राट म्हणवून घेणारा. १९०० मध्ये फ्रान्समधल्या ले क्लेओं इथे त्याचं एक नाणं निघालं. पुष्कळांनी ते बनावट ठरवून बाजूला सारलं. २००३ मध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या चॅल्ग्रोव्हला सुमारे पाच हजार नाण्यांचं मडकं मिळालं. त्यातली एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवताना त्याच डोमिशियनचं दुसरं नाणं हाती आलं, आणि दोन्ही त्याच ठशांच्या (नाण्याची दोन्ही अंगं उमटवणाऱ्या साच्यांच्या) जोडीवर पाडलेली निघाली. पहिलं खरं ठरलं, आणि इतिहासात एका सम्राटाची जागा पक्की झाली. 'अद्वितीय' म्हणून ज्याचं वर्णन करता आलं असतं ते एका मडक्याने 'दोन नग' झालं. म्हणून यादीत एकमेव, अद्वितीय असले शब्द टाळावेत. 'ज्ञात नग : २' पुरे.

ठशांवरून आणखी एक सांगायचं राहिलं. पाडली किती आणि उरली किती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वीस-पंचवीस नगांत पुढच्या बाजूचे ठसे दोन-तीनच दिसले, तर मुळात नाणी थोडीच पाडली असं समजतात. दर नगाला ठसा वेगळा निघाला, तर पाडली भरपूर, वितळवली गेली किंवा अजून जमिनीत आहेत. १९२९ मध्ये बल्गेरियातल्या रेका देवनियाला सापडलेल्या निधीत ऐंशी हजारांहून जास्त डिनेरियस मोजली गेली. कुठला प्रकार कुठल्याच्या किती पट, हे ताडून पाहायला अभ्यासक आजही त्याच्याकडे वळतात. संग्रहालयाच्या निवडक कप्प्यापेक्षा असा निधी कधीही जास्त प्रामाणिक.

कोकणकडा :
मग सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रूटस, त्याचं खंजिरांचं नाणं कुठे बसतं? त्याला तर सगळेच दुर्मीळ म्हणतात.

नाणेघाट :
त्याला म्हणू द्या! दोन खंजीर, मधे दास्यमुक्तांची टोपी, खाली सीझरच्या हत्येची तारीख. अशा नाण्यावर कुणाचं मन जडणार नाही? चांदीचे शंभराच्या आसपास नग ज्ञात आहेत. प्रोबसच्या एखाद्या जोडणीच्या कितीतरी पट. पण मागणारे हजारो. इथे दुर्मीळ हा शब्द शोभतो, कारण तो मागणाऱ्याच्या बाजूने बोलतो. सम्राट ओथोचंही तसंच. तीनच महिने राज्य, पण बारा सीझर (ज्यूलियस सीझर आणि पहिले अकरा सम्राट) संग्रहात पुरे करायचे तर त्याच्यावाचून चालत नाही, म्हणून त्याच्या डिनेरियसवर उड्या पडतात.

आणि हा गोंधळ आजचा नाही. १८१५ मध्ये मियोने या फ्रेंच अभ्यासकाने रोमन नाण्यांवर पुस्तक काढलं, त्याच्या नावातच दुर्मिळपण आणि किंमत शेजारी शेजारी आहेत. पुढे कोएन या दुसऱ्या अभ्यासकाने आपल्या रोमन नाण्यांच्या सूचीत नाण्यांपुढे फ्रँकमध्ये भाव दिले. भाव आणि संख्या तेव्हापासून एकमेकांत मिसळलेली आहेत.

पाटीपेन्सिल :
सगळ्यांचे मनापासून आभार. रकान्याचे दोन रकाने केले, 'आढळ' आणि 'मागणी'. आढळाची चढण अशी : मुबलक, नेहमीचं, तुरळक, विरळ, अतिविरळ. नमुना :

प्रोबस, सिसिया, शिरस्त्राण-भाला-ढाल. आढळ : अतिविरळ. मागणी : बेताची.
टायबेरियस, लुगडुनम, बसलेली स्त्री. आढळ : मुबलक. मागणी : मोठी.

दुर्मीळ हा शब्द यादीतून काढला, प्रस्तावनेत ठेवला. चालेल?

शब्दवेध :
चालेल. 'तुरळक' मधे बसवलंत ते विशेष आवडलं. पाऊस तुरळक पडतो तसं, म्हणजे पडतो, पण भरवसा नाही.

नाणेघाट :
फक्त आढळापुढे साल लिहा. 'अतिविरळ, १९३३ च्या सूचीप्रमाणे' आणि 'अतिविरळ, आजच्या नोंदींप्रमाणे' यांत एका रांजणाचा फरक असू शकतो. अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने आरआयसीवर आधारलेली ऑनलाइन सूची खुली ठेवली आहे. तीत प्रकारागणिक वेगवेगळ्या संग्रहांतले नग दिसतात. एकेक ओळ तिच्याशी ताडून घ्या. आणि कुणी रोमच्या टाकसाळीतलं ओथोचं तांब्याचं नाणं 'अतिविरळ' म्हणून यादीत घालायला आणलं, तर ते घेऊ नका. रोममध्ये ओथोची तांब्याची नाणी पाडलीच गेली नाहीत, अँटिओकमध्ये (आज तुर्कस्तानातलं अंताक्या) पाडली.