दोन हजारांतला घडीचा चाकू: स्टील खरं की नुसतं नाव?

डोंगरवाट
पावसाळी ट्रेकसाठी घडीचा चाकू घ्यायचाय. बजेट दोन हजार, फार ताणलं तर अडीच. काम साधंच. दोरी कापणं, काकडी-कांदा चिरणं, एखादं पाकीट फोडणं. गेल्या वर्षी एक घेतला होता, कंपनीचं नाव सांगत बसत नाही. पात्यावर ठळक 'डी२' असं स्टीलचं नाव कोरलंय. हरिश्चंद्रगडावर एक रात्र ओल्या सॅकमध्ये राहिला आणि सकाळी पात्यावर तांबूस ठिपके! दुकानदार म्हणतो, "स्टेनलेसच आहे, पुसून घ्या." मित्र म्हणतो, तुला डुप्लिकेट चिकटवला. आता गान्झो, सिव्हिवी, ओपिनेल या कंपन्यांचे बघतोय, तर गान्झो दुसऱ्यांची डिझाइनं उचलते असं जिथेतिथे वाचायला मिळतं. स्टील खरं आहे का हे घरच्या घरी कळतं का? आणि डिझाइन उचललेलं असलं की माल पण रद्दी समजायचा का?

पिठलंभाकर
ओपिनेल ८ नंबर घे आणि विषय संपव. साडेआठ सेंमी पातं, वजनाला काहीच नाही. फक्त 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेसवाला घे, कार्बनवाला घेतलास तर पुन्हा तेच ठिपके. भर पावसात लाकडी मूठ फुगते आणि उघडताना नखं दुखतात, तेवढं सहन कर.

कानस
भोसरीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं. चाकूंचा शौक असा नाही, पण स्टीलचा धंदा आहे, म्हणून त्या बाजूने लिहितो.

डोंगरवाट, गंज आला म्हणून तुमचा चाकू डुप्लिकेट ठरत नाही. डी२ला गंज येतोच. आमच्याकडे याला एचसीएचसीआर, म्हणजे हाय कार्बन हाय क्रोमियम म्हणतात, पत्रा कापायच्या प्रेस टूलचे पंच आणि डाय याचेच करतो. कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. बारा ऐकून स्टेनलेस वाटतं, पण त्यातलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडी जमवून कार्बाइडचे कठीण कण होऊन बसतं. गंज अडवायला हाताशी उरतं ते थोडं. पावसाळ्यात शनिवारी पंच तेल न लावता ठेवून गेलं की सोमवारी ठिपके ठरलेले. शेडमध्ये ही गत, मग गडावर काय होणार? दुकानदार बोलला ते चूक, मित्र बोलला त्याला पुरावा नाही.

आता नावाचं बघा. कोरलेलं नाव हा फक्त कच्चा माल झाला, आणि तो खरा असला तरी अर्धंच काम झालं. एकाच बारचे दोन तुकडे घ्या. एक नेमक्या १००० ते १०४० अंशांच्या पट्ट्यात नीट सोकिंग देऊन, म्हणजे तिथे पुरेसा वेळ ठेवून, मग दोनदा टेम्पर करून, म्हणजे बेताने परत तापवून आणला तर ६० एचआरसी (कडकपणाचं माप) आरामात मिळतो. दुसरा भट्टीतून घाईत काढला तर ५५ सुद्धा नशिबाने. वरून दोघंही सारखेच चकचकीत. लोहार म्हणतो ना, पाणी देणं, सगळं कसब तिथे. स्वस्तात माल विकणाऱ्याला पैसे वाचवायचे असले की तो तिथेच वाचवतो, कारण ते फोटोत दिसत नाही.

चिनी ग्रेड वाचायला सोपे आहेत. ८सीआर१३एमओव्ही म्हणजे कार्बन ०.८ टक्के, क्रोमियम १३. त्याच हिशोबाने ३सीआर१३ म्हणजे कार्बन जेमतेम ०.३. भाजीला चालेल, धार मात्र सारखी लावत बसा. आणि जिथे 'सर्जिकल स्टील' किंवा 'हाय कार्बन' एवढंच लिहून ग्रेडच गाळलाय, तिथे वेळ घालवू नका.

घरी काय करता येईल? लोहचुंबकाने फार काही कळत नाही, चाकूचं झाडून सगळं कामाचं स्टील चुंबकाला चिकटतं. नाहीच चिकटलं तर मात्र ते भांड्यांच्या ३०४ जातीतलं आहे. त्याला हार्डनिंग होत नाही, म्हणजे तापवून ते कडक करता येत नाही, परत करा. दुसरी परीक्षा कानशीची. बारीक दातांची नवी कानस घ्या आणि पात्याच्या पाठीवर मुठीजवळ, जिथे ओरखडा खुपणार नाही तिथे, हलकीच फिरवा. चावली तर पातं मऊ. सटकली तर हार्डनिंग झालंय एवढं नक्की. ग्रेड यातून कळत नाही, त्याला स्पेक्ट्रो, म्हणजे धातूत काय किती आहे ते मोजणारं यंत्र लागतं. आम्हाला बारसोबत टीसी, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट येतं, चाकूसोबत कोण देतो!

अजून एक, हे कुणी सांगत नाही. नव्या स्वस्त चाकूची पहिली धार लवकर जाते आणि लोक स्टीलला शिव्या घालतात. कारखान्यात शेवटची धार कोरड्या पट्ट्यावर झटपट काढतात. काठ इतका पातळ असतो की क्षणात तापतो आणि तेवढ्यापुरता टेम्पर उतरतो. हा ग्राइंडिंग बर्न, म्हणजे घासताना जळणं, आमच्या रोजच्या ओळखीचा, डायवर निळसर झाक दिसली की पोऱ्याला बोलणी बसतात. चाकूवर वरून पॉलिश मारल्यावर ती झाकही राहत नाही. पाण्याच्या दगडावर दोन-तीनदा धार लावा, जळका काठ निघून जाईल. त्यानंतर काय ते मत बनवा.

नकलेबद्दल. कोणी दुसऱ्याचं नाव आणि शिक्का मारून विकतो ती सरळ चोरी. त्याने नावाचीच लाज ठेवली नाही, तर भट्टीतल्या हीट ट्रीटमेंटची काय ठेवणार? गान्झोचं प्रकरण वेगळं. माल स्वतःच्या नावाने विकतात, पण त्यांची बरीच मॉडेलं बघून स्पायडर्को नाहीतर बेंचमेड या अमेरिकन कंपन्यांचा चाकू आठवतो. त्यातही सरसकट बोलू नये. बेंचमेडच्या आडव्या दांडीच्या लॉकचं पेटंट होतं, त्याची मुदत संपली, आता ते कुणीही वापरावं, फक्त त्यांचं नाव लावू नये. स्पायडर्कोचं पात्यातलं गोल भोक मात्र ट्रेडमार्क आहे, म्हणून इतरांकडे ते लंबगोल नाहीतर भलत्याच आकाराचं दिसतं. लॉक घेणं मला चालतं. पूर्ण बाह्यरेषा, मुठीचा बाक, क्लिपची जागा, सगळं छापून काढलं की मला ते आवडत नाही. माझं ड्रॉइंग कुणी असं उचललं असतं तर मी भांडलो असतो. पण माल रद्दी असेलच असं नाही, ते चाकू हातात घेऊनच ठरवायचं. आणि 'चायना म्हणजे नक्कल' हेही सोडा. सिव्हिवी ही वी नाइफ या चिनी कंपनीचीच स्वस्त शाखा, डिझाइनं त्यांची स्वतःची किंवा डिझायनरला रीतसर नाव देऊन घेतलेली. खुद्द स्पायडर्कोचा टेनेशियस हा चाकू चीनमध्येच बनतो.

ऱ्हाईनकाठ
कानसकाका, तुम्ही पात्यावरच्या नावांचं लिहिलंत, त्यात माझी थोडी भर, 'जर्मन स्टील' या छापाबद्दल. मी जर्मनीत ड्युसेलडॉर्फला असतो, चाकू-सुऱ्यांचं सोलिंगेन गाव लोकलने जाण्याइतकं जवळ. 'सोलिंगेन' हे नाव १९३८पासून कायद्याने राखलेलं आहे. घडवण्याची मुख्य कामं त्या भागात झाली असतील तरच पात्यावर मारता येतं. 'जर्मन स्टील'ला असलं काही कुंपण नाही. पत्रा जर्मनीचा आणि बाकी सगळं कुठेही झालेलं असू शकतं. सुट्टीत आलो की तुळशीबागेच्या आसपास 'जर्मन स्टील' लिहिलेले सुऱ्यांचे सेट दिसतात, बायको मला ओढून पुढे नेते.

पिठलंभाकर
कायद्याचं पण बघून ठेव. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं आणि ते घरकाम-शेतीसाठीचं नसलं की शस्त्र कायद्यात येतं. तुझा खिशातला त्यात बसत नाही. पण बटण दाबून उघडणाऱ्याच्या नादी लागू नको. आणि मेट्रोत सॅक तपासतात.

डोंगरवाट
कानस फिरवली! सटकली. दगडावर दोनदा धार काढली, आता कागद सुतासारखा कापतोय. पण उघडल्यावर पाठीवर दाबलं की पातं वर-खाली किंचित हलतं. स्क्रू आवळला तर आडवं हलणं गेलं, वर-खालीचं तसंच राहिलं.

कानस
आडवा प्ले, म्हणजे हलणं, पिव्होटचा, पातं ज्या स्क्रूवर फिरतं त्याचा, तो आवळून जातो. वर-खालीचा प्ले लॉकचा. लायनर लॉक असेल, म्हणजे मुठीतली पट्टी सरकून पातं अडवत असेल, तर पात्याच्या बुडाखाली ती पट्टी किती सरकते ते बघा. जेमतेम कडेला टेकत असेल तर जोर लावायच्या कामाला हा वापरू नका, बोटांवर मिटेल. म्हणजे स्टील बरं निघालं, जुळणी कच्ची निघाली. स्वस्तात बऱ्याचदा हेच होतं.

पावसासाठी नवीन घेणारच असाल तर १४सी२८एन बघा. स्वीडिश स्टील, १४ टक्के क्रोमियम आणि वर नायट्रोजन. धार डी२इतकी टिकणार नाही, पण तुमच्या दोरी-काकडीला भरपूर आहे आणि गंजाची कटकट जवळजवळ नाही. जुना घरी पार्सलं फोडायला ठेवा. त्याला मशीन ऑइल नको, कधीतरी फळ कापाल. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मागा, छोटी बाटली पुरते.