कॉलिंगवूडची लिस्ट: म्हाताऱ्यांना थांबवायचं, की आणखी एक कप मारायचा?

हाफबॅक (धागालेखक)

२०२५ ला एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग) आपण कॉलिंगवूडवाले चौथे आलो, बाद फेरीच्या पहिल्या फायनलमध्ये अ‍ॅडलेडला त्यांच्याच मैदानावर हरवलं आणि प्रिलिमिनरीत (ग्रँड फायनलच्या आधीच्या सामन्यात) ब्रिस्बेनपुढे संपलो. निकाल वाईट नाही, पण लिस्टमधल्या (ताफ्यातल्या) खेळाडूंच्या जन्मतारखा बघा. २०२६ चा हंगाम सुरू होताना पेंडलबरी ३८, साइडबॉटम ३५, हाउ ३५, एलियट ३३, क्रिस्प ३२. डार्सी मूर, रकमन (उडवलेल्या चेंडूसाठी झुंजणारा उंच खेळाडू) डार्सी कॅमरन आणि डी गोई तिघेही तिशीवर किंवा तिशीच्या उंबऱ्यावर. अख्खा कणा एकाच दशकाचा.

त्याहून काळजीची गोष्ट खालच्या टोकाला आहे. २०२३ च्या शेवटी शुल्ट्झसाठी आपण २०२४ च्या ड्राफ्टमधला (नव्या पोरांची वार्षिक निवड) पहिल्या फेरीचा पिक (निवडीचा हक्क) फ्रीमँटलला दिला. वर्षभराने ह्यूस्टनला आणताना तीन क्लबांच्या व्यवहारात २०२५ चाही गेला. म्हणजे सलग दोन ड्राफ्टमध्ये आपला स्वतःचा पहिल्या फेरीचा पिक नाही. पेरणीचं बियाणं दळून खाल्लंय आपण.

माझं म्हणणं असं: निक डेकॉस २३ वर्षांचा आहे आणि २०२९ पर्यंत करारबद्ध. मिडफिल्डरची सर्वोत्तम वर्षं साधारण २४ ते २९. लिस्टची आखणी त्याच्या वयाभोवती व्हायला हवी, पेंडलबरीच्या नाही. तिशी ओलांडलेल्यांना एकेका वर्षाचाच करार. पुढचा एकही पहिल्या फेरीचा पिक विकायचा नाही. आणि बाजारात किंमत आहे तोवर २८-३० वयाचा एखादा खेळाडू देऊन वरचा पिक घ्यायचा. दुखेल, पण २०२७ च्या ड्राफ्टमध्ये वरच्या पिकांचा मोठा वाटा २०२८ ला येणारा टास्मानियाचा संघ नेणार आहे. तेव्हा जागं होऊन उपयोग नाही.

जीलाँगकर

पूर्ण असहमत. "खिडकी बंद होतेय", म्हणजे कप जिंकायचा काळ संपतोय, हे आमच्या जीलाँगबद्दल दहा वर्षं ऐकतोय. २०२२ ची ग्रँड फायनल (अंतिम सामना) जिंकणारा जीलाँग हा ग्रँड फायनल खेळलेला सर्वांत वयस्क संघ होता, आणि सिडनीला ८१ गुणांनी हरवलं. त्यानंतर कर्णधार सेलवूड निवृत्त झाला, तरी २०२४ ला प्रिलिमिनरी, २०२५ ला पुन्हा ग्रँड फायनल.

वरच्या पिकांशिवाय हे कसं जमलं? टॉम स्टुअर्ट २०१६ ला ४० व्या पिकवर आला, तेव्हा तो २३ वर्षांचा, गावच्या लीगमधला तयार माणूस. स्टेंगलला आधीच्या क्लबने सोडलं होतं, तो फुकट मिळाला. डेम्प्सी रुकी ड्राफ्टमधून (शिकाऊंची दुय्यम निवड) आला आणि २०२४ चा रायझिंग स्टार (सर्वोत्तम नवोदित) झाला. मार्क ओकॉनर आयर्लंडहून. लिस्ट तरुण करायला १८ वर्षांचीच पोरं लागतात हा गैरसमज आहे. २२-२३ चा तयार खेळाडू पहिल्याच वर्षी खेळतो, आणि तुमचं भगदाड नेमकं त्याच वयोगटात आहे.

टायगरवाडी

जीलाँगचं उदाहरण सगळे देतात, कारण तसं जमलेलं ते जवळपास एकटंच आहे. बाकीच्यांचं काय झालं?

वेस्ट कोस्टने २०१८ चा कप जिंकला. २०१९ च्या शेवटी टिम केलीसाठी पहिल्या फेरीचे दोन पिक घातले. २०२२ ला दोन विजय, २०२३ ला तीन. आमच्या रिचमंडने २०१७, २०१९, २०२० असे तीन कप घेतले आणि २०२२ च्या शेवटी टारँटो आणि हॉपर आणले. दोघांना सात-सात वर्षांचे करार, वर पहिल्या फेरीचे तीन पिक. दोघेही चांगले खेळाडू, चूक त्यांची नव्हे. भोवतालचा संघच संपला होता. २०२४ ला दोन विजय आणि तळाचा नंबर. मग एकाच ट्रेड (अदलाबदल) हंगामात बोल्टन, बेकर, रिओली गेले आणि ड्राफ्टच्या पहिल्या २५ मध्ये आम्ही सहा पोरं उचलली. दोन वर्षं आधी हेच केलं असतं तर मोबदला जास्त मिळाला असता आणि घसरगुंडी कमी लागली असती.

विंगवाला

टायगरवाडी, हॉथॉर्नला विसरलात. २०१३-१४-१५ चे तीन कप, मग २०१६ च्या शेवटी सॅम मिचेल वेस्ट कोस्टला आणि जॉर्डन लुइस मेलबर्नला. हाती काय आलं? अगदी खालचे पिक. चौतिशीच्या माणसाला बाजारात किंमत नसते, मग तो कितीही थोर असो. शिवाय ते पोरं वाढवायला गेलेच नाहीत. त्याच हंगामात टॉम मिचेल, ओमीरा, व्हिकरी आणले. म्हणजे जुने गेले, नवे रुजले नाहीत, नुसती खांदेपालट. २०१८ ला चौथे आले आणि पुन्हा घसरले. खरी पुनर्बांधणी सॅम मिचेल कोच म्हणून परत आल्यावर सुरू झाली.

हाफबॅक म्हणतात तसं विकायचंच असेल तर २८ व्या वर्षी विकावं लागतं. पण २८ वर्षांचा चांगला खेळाडू फायनल खेळणाऱ्या संघातून काढायचा धीर कोणता क्लब दाखवतो?

रककाँटेस्ट

दोन्ही बाजूंनी करार आणि पिकच चाललंय, जागा कुणी बघत नाही. लिस्टमध्ये मुख्य ३८ पर्यंत, रुकी धरून ४२, वर कॅटेगरी बीचे (दुसऱ्या खेळातून वगैरे आलेले) दोन. त्यातल्या कोणत्या जागा भरायला किती वर्षं लागतात ते पाहा.

छोटा फॉरवर्ड दोन वर्षांत तयार होतो. मिडफिल्डर तीन-चार. उंच डिफेंडर आणि रकमनला चार-पाच. १८ व्या वर्षी दोन मीटर उंचीचा पोरगा ८५ किलोचा असतो. मध्यावर चेंडू उडवतात तेव्हा १०५ किलोच्या माणसाच्या गुडघ्यापुढे त्याला उभं केलं तर बरगडी नाहीतर मनोबल, काहीतरी तुटतंच. त्याला व्हीएफएलमध्ये (खालच्या लीगमध्ये) दोन हंगाम घासावं लागतं. म्हणजे कॅमरन ३४ चा होईल तेव्हा हवा असलेला रकमन आत्ता लिस्टवर असायला हवा. डिफेंडर हाउच्या जागेचंही तेच. तो चेंडू कुठे पडणार हे किक लागण्याआधी ओळखून आपला माणूस सोडून निघतो. हे वाचन शिकवून येत नाही, शेजारी उभं राहून येतं. म्हणून मी हाउला थांबवा म्हणणार नाही, पण त्याच्या शेजारी दर आठवड्याला तोच एक पोरगा खेळवा म्हणेन. आज एक, उद्या दुसरा, असं केलं की दोघेही कच्चे राहतात.

हाफबॅक

रककाँटेस्ट, हे मान्य. अनुभवींची किंमत मी नाकारत नाही. २०२३ च्या ग्रँड फायनलच्या शेवटच्या क्वार्टरमध्ये साइडबॉटमने ५० मीटरच्या रेषेबाहेरून मारलेला गोल नसता तर चार गुणांनी जिंकलो नसतो. क्रिस्पने तर २०२५ ला सलग सामन्यांचा जिम स्टाइन्सचा विक्रम मोडला. पण हे सगळे एकदमच गेले तर?

जीलाँगकर, तुमचं तयार खेळाडूंचं म्हणणं पटतं, आणि ते आपल्याकडे झालेलंही आहे. नोबल २०१९ च्या मिड-सीझन ड्राफ्टमधला. मार्कोव्ह २०२३ ला हंगामाच्या तोंडावर घेतलेला, त्याच वर्षी कप जिंकला. पण या वाटेने विंग आणि बॅक पॉकेटसारख्या कडेच्या जागा भरतात. निकच्या तोडीचा जोडीदार तिथे सापडत नाही.

जीलाँगकर

निक तरी कुठे पहिल्या फेरीचा पिक जपून ठेवल्यामुळे मिळाला? तो फादर-सन. वडिलांनी क्लबसाठी १०० सामने खेळले की मुलावर हक्क. २०२१ ला गोल्ड कोस्टने चौथ्या पिकवर बोली लावली; प्रत्येक पिकला ठरलेले गुण असतात, बोली आली की हक्काच्या क्लबने तेवढे भरायचे. चौथ्याचे २०३४ गुण, २० टक्के सूट जाऊन १६२७. तुम्ही ते गुण खालचे पिक गोळा करून भरले.

विंगवाला

ती सोय आता महाग झाली. २०२५ ला सूट १० टक्क्यांवर आणली, आणि खालच्या पिकांचे गुणही कापलेत. तेच २०३४ गुण धरून १० टक्के सूट लावली तर १६२७ ऐवजी सुमारे १८३० गुण लागतील, तेही हलक्या नाण्यांत.

आणि त्याच २०२१ ची दुसरी बाजू सांगतो. २०२० च्या शेवटी पगाराची कॅप (ठरलेली मर्यादा) फुटायला आली म्हणून कॉलिंगवूडला ट्रेलोर, स्टीफन्सन, फिलिप्स घाईत द्यावे लागले. ट्रेलोरच्या पगाराचा काही भाग तर पुढेही भरत राहिले. वर २०२१ चा पहिल्या फेरीचा पिक आगाऊ ग्रेटर वेस्टर्न सिडनी जायंट्सला विकला. मग संघ १७ वा आला, तो पिक दुसऱ्या क्रमांकाचा ठरला, आणि त्यावर जायंट्सने फिन कॅलाहन नेला. निकच्या शेजारी आज तोच उभा असता. वयस्क संघाचा पुढचा पिक विकताना तो १६ वा असेल असं धरतात, पण गुडघे आणि मांड्या एकाच वर्षी गेल्या तर तो दुसरा निघतो.

रककाँटेस्ट

म्हणून तर २०२६ चा पिक हातचा सोडू नका. आणि पेंडलबरीला पाच-सहा दिवसांच्या अंतराने येणारे सामने खेळवू नका. त्या प्रत्येक सामन्यात एका पोराला मध्यावर चेंडू उडवतात तिथे पूर्ण क्वार्टर द्या, विंगवर लपवून नव्हे. हंगामात असे पाच सामने निघाले तरी सप्टेंबरच्या फायनल्सना पेंडलबरीचे पाय ताजे राहतील आणि तो पोरगा पाच सामन्यांनी पुढे गेलेला असेल. कॅमरनमागे कोण, याचं नाव मात्र या धाग्यावर अजून कुणीच घेतलेलं नाही.