पोटदुखी की भीती: मुलाला ओळखता कशी येईल?

प्रश्न (जिल्हा परिषद शिक्षक, यवतमाळ जिल्हा):
माझ्या सहावीच्या वर्गातील एक मुलगा ठरावीक दिवशीच पोट दुखते म्हणून बाकावर डोके टेकवून बसतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून झाले, जंताची गोळीही झाली. दुखणे तसेच आहे. पुढे ध्यानात आले की, घरी कापसाचा चुकारा आला की दुसऱ्या दिवशी हे हटकून होते, आणि त्या रात्री घरी काय घडते ते गावाला ठाऊक आहे. ‘भीती वाटली का?’ असे विचारले तर तो नाही म्हणतो, आणि तो खोटे बोलत आहे असे मला वाटत नाही. शरीरात होणारा बदल आणि भावनेची ओळख यांची सांगड त्याला घालून देता येईल काय?

उत्तर (समुपदेशक, वर्धा):
गुरुजी, आपली शंका रास्त आहे. ठोके, श्वास, पोटातील हालचाल यांची वर्दी मेंदूतील इन्सुला या भागात पोहोचते. ह्यूगो क्रिचली आणि सहकाऱ्यांनी 2004 साली दाखवले की, स्वतःचे ठोके अचूक ओळखणाऱ्यांमध्ये उजव्या इन्सुलाचा पुढचा भाग अधिक सक्रिय असतो. भावनेला शब्दच न सापडण्याच्या अवस्थेला पीटर सिफ्निऑस यांनी 1970च्या दशकात ‘अलेक्सिथायमिया’ असे नाव दिले; अर्थात सहावीच्या मुलावर तो शिक्का कृपया मारू नये. आधी जागा विचारा, नाव नंतर.

उत्तर (शेतकरी, दारव्हा तालुका):
नुसते जाणवणे म्हणजे शहाणपण, हे मला पटत नाही. दुबार पेरणीच्या वर्षी मी रात्रभर छातीचे ठोके मोजत असे आणि जितके मोजावे तितकी धडधड वाढे. ईसीजी मात्र साफ निघाला. राग ओळखायला मला बैलाने शिकवले. मी कासरा आवळून धरला की तो थबकतो, तेव्हा कुठे माझ्या मुठीकडे माझे लक्ष जाते.

समुपदेशक:
भाऊ, आपण म्हणता ते खरे आहे. क्रिचली यांच्या त्याच अभ्यासात ठोके अचूक ओळखणाऱ्यांमध्ये चिंतेसारख्या नकोशा भावनांचे प्रमाणही अधिक आढळले होते.

शिक्षक:
आज भीतीचे नाव न काढता फक्त ‘कुठे दुखते?’ एवढेच विचारले. त्याने बेंबीच्या वर बोट ठेवले आणि म्हणाला, ‘‘फटफटीचा आवाज आला का इथं गोया येते.’’ (गोया म्हणजे गोळा.)